मुखरूचा गडवा

बाकी सगळे चौकातल्या पुतळ्याच्या पोटाला हात लावतात. जाता जाता लावतात. रिक्षावाले तर सकाळची पहिली सवारी मिळाली की टिचकी मारतात आणि पितळ ठणकन वाजतं. ही बाई त्याच्यासमोर उकिडवी बसली होती आणि तिनं दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवले होते. एवढंच झालं. रस्त्याच्या पलीकडं चहाचा ग्लास हातात धरून मी पाहत होतो, चहा गार झाला तरी पाहत राहिलो. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर देतात तो काळा चष्मा तिनं कपाळावर चढवला होता. गर्दीत कोणी ओळखीचं दिसलं की आपण लगेच हाक मारत नाही, आधी तोच आहे का ते पाहून घेतो, तशी ती पाहत होती. मग तिनं लुगड्याच्या गाठीतून पळसाच्या पानाचा पुडा सोडला, मूठभर भात त्याच्या पायांशी ठेवला, म्हणजे ज्या दोन गंजक्या रोलरना मी पाय म्हणतो त्यांच्याशी, आणि उठून गेली. भात कुत्र्यानं खाल्ला. मला बरं वाटलं. हे आधी सांगून टाकायला हवं. त्या पहिल्या दिवशी मला बरं वाटलं, कोणीतरी माझ्या कामाला नैवेद्य दाखवला म्हणून.

काम म्हणजे हा माणूस. जटपुरा गेटकडून येणाऱ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, बंद पडलेल्या पानटपरीशेजारी उभा आहे. डालड्याचे डबे, स्कूटरची मडगार्डं, कोळशाच्या खाणीतून बाद होऊन आलेली बेअरिंगं, सायकलच्या चेनचे केस. माझ्याहून वीतभर उंच. लोक त्याला भंगारशेठ म्हणतात. त्याच्याआधी मी पुष्कळ काही केलं होतं. वडशाच्या नाटकमंडळ्यांना टिनचे मुकुट आणि ढाली करून दिल्या, चौकाचौकांत कोंबडे, बैल, एक हार्मोनियम वाजवणारं माकड उभं केलं. त्यातलं बरंचसं रात्रीतून चोरीला गेलं आणि भंगारात विकलं गेलं. दोन बैल तर फिरून आमच्याच गोदामात आले. अब्बांनी ते तराजूवर टाकताना ओळखले. "साऱ्या चंद्रपूरचा कचरा मी उचलतो," अब्बा म्हणाले, "अन् माहा पोरगा तो परत रस्त्यावर मांडतो. अल्ला, या धंद्यात बरकत कुठून येईल?" पण भंगारशेठला कोणी हात लावला नाही, म्हणजे चोरायला लावला नाही. दोन हजार एकच्या पावसाळ्याआधी तो उभा राहिला, आता दोन हजार तीनचा जानेवारी चालू आहे, आणि तो तिथंच आहे. नागपूरच्या पेपरात त्याचा फोटो आला. ते कात्रण अम्मीनं कपाटाला आतून चिकटवलंय. ज्यानं ज्यानं लिहिलं, बोललं, त्यानं एकच गोष्ट सांगितली, की सगळा जीव पोटात आहे. सगळं अंग काळं, गंजकं, आणि मध्ये ते एकटं पिवळं पोट, पाणी प्यायच्या पितळी गडव्याचं. मीही तसंच सांगत आलो. पूर्ण कचऱ्यातून, मी म्हणायचो. एकही वस्तू विकत आणलेली नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी तिच्याबरोबरचा माणूस, जो आतापर्यंत लांब उभा राहून बिडी ओढत असायचा, रस्ता ओलांडून माझ्याकडं आला. तिशीतला, आश्रमशाळेतल्या कामगारांना मिळतो तसा निळा स्वेटर घातलेला.

"भाऊ, हे तुमीच बनवलं म्हनते."

"हो."

"मी लालसू. हे माही आत्या, बुधरी. मोतीबिंदूचं आपरेशन झालं तिचं इथी. पट्टी सोडली तं डाक्टरनं विचारलं, बाई, दिसते का? म्हने, दिसते. दवाखान्यातून जरा बाहेर निंगालो अन् या चौकात आलो, तं हे हालेच ना. मी म्हनलं काय झालं. म्हने, मुखरूचा गडवा."

"मुखरू कोण?"

"मामा माहा. हिचा नवरा, आमच्यात आत्याच्या नवऱ्याले मामाच म्हनते. चार वर्स झाली मरून." त्यानं बिडी विझवून कानावर ठेवली. "गळ्यापाशी पोचा हाय पाहा त्याले, उजव्या अंगानं. मामानं हिच्यावर फेकून मारला होता. हे वाकली, गडवा भितीले लागला. पोचा तवाचा हाय."

बुधरी मागं येऊन उभी राहिली होती. ती माझ्याशी माडियात बोलू लागली, जणू मला ती भाषा येते, आणि लालसू तिच्या मागोमाग, थोडा कंटाळलेला, मराठी करत गेला. "म्हने, चार वर्सांत पहिले दोन वर्स मामा सपनात आला नाई. सुखी होता. आता दोन वर्सांपासून येऊन राह्यला. पानी मागते. म्हने, मले वाटे लबाड बोलते. जितेपनी बी लबाडच होता, महू पिऊन ये अन् पानी पेलो म्हने. म्हून मी ध्यान देल्लं नाई." लालसू थांबला, तिचं ऐकलं आणि हसला. "म्हने, आता समजलं. या खेपेले खरं बोलत होता."

तीही हसली. तिला वरचे दात नव्हते. मीही हसलो. मग मी एकटाच हसतोय हे माझ्या लक्षात आलं. काखेत घाम आला होता. जानेवारी होता.

लालसूनं जे पुढं सांगितलं ते त्यानं अगदी साधेपणानं सांगितलं, रागाशिवाय, जसं आपण परगावच्या माणसाला बसची वेळ सांगतो. मेलेल्या माणसाच्या नावानं गावाबाहेर दगड उभा करतात. त्याच्या वापरातल्या वस्तू तिथं ठेवतात. जेवायचं भांडं, पाण्याचं भांडं, कोयता, बाज. तिकडं त्याला लागतात. एकदा ठेवल्या की इकडचं कोणी पुन्हा बघायला जात नाही. मुखरूमामा आता तिकडं आहे आणि त्याच्याकडं पाणी प्यायला काही नाही. "तं परत पायजे," लालसू म्हणाला. "बस, एवढंच. बाकी माणूस तुमचा तुमी ठेवा."

देतो म्हणायला मला काय झालं होतं? मी म्हणालो, "विचार करून सांगतो."

विचार. घरी जाताना सायकल ढकलत नेली, चढ नसताना. त्याला माहीत नव्हतं, असा तो विचार सुरू होतो. 'त्याला', म्हणजे दोन हजार एकच्या मे महिन्यात अब्बांचा टेम्पो घेऊन एटापल्लीच्या पुढं, सूरजागडच्या डोंगराखालच्या गावांत गेलेल्या अनसला. मी त्याला मनात मी म्हणत नाही. टेम्पोत कांदे, मीठ, प्लास्टिकच्या बादल्या. बदल्यात फुटकी भांडी, मोडक्या विळ्या, सायकलींचे सांगाडे. दुपारी तो एका गावात पोचला तर गावात कोणी नव्हतं. सगळी माणसं तेंदूपत्त्याला गेलेली. कुत्रीसुद्धा बरोबर गेली असावीत. तो सावली शोधत गावाबाहेरच्या मोहाखाली गेला. तिथं दगड उभे होते, कोणी कमरेएवढा, कोणी छातीएवढा, आणि दगडांशी भांडी पडलेली. सगळ्या भांड्यांना भोकं. त्याला वाटलं, टाकून दिली आहेत. भोक पडलेल्या भांड्याचं माणूस आणखी काय करतो? त्यानं गडवा उचलला.

नाही. असं नाही.

सावली शोधत नव्हता. लांबून पितळ चमकलं म्हणून गेला. दगड उभे होते. दगड आपोआप उभे राहत नाहीत. बाजेचे चार पाय होते, दोऱ्या कुजलेल्या, छत्रीचा सांगाडा होता, एका दगडावर बिड्यांचा एक पुडा होता, न फोडलेला. कचऱ्यात न फोडलेला बिड्यांचा पुडा कोण टाकतं? पण बिड्या तर त्यानं घेतल्या नाहीत. त्यानं गडवा

नाही. पुन्हा.

भोक कसं होतं?

गोल होतं. बुडाशी.

झिजून पडलेलं?

अनसचे आजोबा कल्हईवाले होते. गोंडपिपरीपासून मूलपर्यंत भाता घेऊन गावोगाव हिंडले. पितळ झिजून भोक पडतं तेव्हा कडा कागदासारखी पातळ होते, हे तो सहा वर्षांचा असताना त्याला माहीत होतं. या भोकाची कडा जाड होती आणि आत वळलेली होती. बाहेरून टोच्या ठेवून कोणीतरी एका घावात पाडलेलं भोक.

म्हणजे मुद्दाम?

मुद्दाम.

म्हणजे त्याला कळलं की हे मुद्दाम केलंय.

बोट घालून पाहिलं त्यानं. हो.

आजूबाजूला पाहिलं का?

पाहिलं.

कचरा उचलणारा माणूस आजूबाजूला पाहतो का?

मी वयाच्या दहाव्या वर्षापासून कचरा उचलतो. नाली, उकिरडा, दवाखान्यामागचा ढीग. आजूबाजूला कधीच पाहिलेलं नाही. लोक पाहतात, आपण पाहत नाही. त्या दुपारी मात्र मी मान उजवीकडं वळवली, मग डावीकडं, मग वर झाडाकडंसुद्धा. मोहाच्या फांदीवर कोण बसणार होतं? मी. तो नाही. मान माझीच होती, वळवताना मणक्यात कट् झालं ते अजून आठवतं.

एकच गडवा उचलला?

या प्रश्नाशी आलो की मी नेहमी दुसरं काहीतरी करू लागतो. पाणी पितो, रेडिओ लावतो. त्या दिवशी सायकलचं स्टँड लावलं आणि रहमतनगरच्या वळणावर उभा राहिलो. अर्धं पोतं भरलं होतं. वाट्या, ताटल्या, दोन कोयते, एक पितळी समई नव्हे, समईसारखं काहीतरी, घुंगरांच्या दोन माळा. गडवा आकारानं आवडला म्हणून बाजूला काढला. बाकी सगळं त्याच आठवड्यात नागपूरच्या ट्रकात चढलं आणि तिथून भट्टीला गेलं. बुधरीला गडव्याशिवाय काही दिसलं नव्हतं. लालसूनं गडव्याशिवाय काही विचारलं नव्हतं.

अब्बा गोदामात पत्र्यांवर बसून चिमट्यानं वायरची साल काढत होते. मी सांगितलं. गडव्याचं सांगितलं. त्यांचा हात थांबला. आमच्या धंद्यात तीन गोष्टी उचलत नाहीत, हे त्यांनी मला धंदा शिकवायच्या आधी शिकवलं होतं. देवळातली घंटा, मशिदीतलं काही, आणि मयताचं सामान. कोणी घरातलं माणूस गेल्यावर त्याची खाट, त्याचं ताट विकायला आणलं तर अब्बा हात जोडतात, "फकिराला द्या, भाऊ, मले नका देऊ."

"कब्रस्तानातून उचललं तू?"

"कब्रस्तान नव्हतं, अब्बा. नुसते दगड."

"तुले माहीत होतं?"

"नाही."

ते माझ्याकडं पाहत राहिले. त्यांच्या पापण्यांवर रबराची राख बसली होती. "मंग माफ हाय," ते म्हणाले. "नकळत झालं ते माफ असते. परत करून टाक." आणि पुन्हा वायर सोलू लागले. तो 'मंग' माझ्यापुढं ठेवून. त्यांनी थोबाडीत मारली असती तर मी सगळं पोतं तिथं रिकामं केलं असतं. त्यांनी विश्वास ठेवला.

मग मी काय केलं ते ऐका. गोदामात पितळी भांड्यांचा ढीग असतो. त्यातून तसाच एक गडवा काढला, तसाच गळा, तशीच कड. उजव्या अंगाला गोल हातोडीनं हलका घाव घालून पोचा पाडला. चिंच लावली, मग चुलीच्या धुरावर धरला, मग राखेनं अर्धवट घासला, म्हणजे जिथं हात लागतो तिथं उजळ आणि जिथं लागत नाही तिथं काळपट. बुडाला टोच्या ठेवून एका घावात भोक पाडलं, कडा आत. मला ते काम करताना मजा आली. हे खोटं बोलण्यात अर्थ नाही. दोन तास मी कोणाच्या तरी चार वर्षांच्या मरणाची आणि त्याआधीच्या तीस वर्षांच्या भांडणांची नक्कल करत होतो आणि शीळ घालत होतो. अम्मी आतून म्हणाली, "आज लई खुश दिसतो रे."

दुसऱ्या दिवशी बुधरीनं तो हातात घेतला. चष्मा वर केला नाही. डोळ्यांनी पाहिलंच नाही तिनं. एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतला, तोंडापाशी नेला, ओठ लावला न लावला, आणि लालसूला काहीतरी म्हणाली. लालसू इतका हसला की त्याला खोकला आला.

"काय म्हणते?"

"म्हने, हा फेकून मारला असता तं मी वाचलीच नसती. लई भारी हाय."

तिनं तो मला परत दिला, दोन्ही हातांनी, मान देऊन. तिला कळलं होतं. मला राग हवा होता आणि तिनं फक्त एवढंच केलं, की भंगारशेठच्या समोर जाऊन पुन्हा उकिडवी बसली आणि पदरातला भात काढला. त्या भाताकडं पाहवेना. रोज दवाखान्यातल्या जेवणातून ती तो वाचवून आणत होती, त्या लोखंडाच्या पायांशी ठेवत होती, कारण गडवा इथं आहे तर मुखरूही इथंच कुठं तरी, या धुरात, कोळशाच्या ट्रकांत, भाषा न समजणाऱ्या लोकांत ताटकळत असेल. पोटाला टिचकी मारणारा एकेक रिक्षावाला आला की ती डोळे मिटायची.

भर दुपारी, भर चौकात, कटर लावून मी पोट कापलं. माणसं जमली. "अबे, शेठचं आपरेशन होऊन राह्यलं," कोणीतरी म्हणालं. "अपेंडिक्स का?" "नाई बे, पोटात गडवा अडकला." मीही हसलो असतो एरवी. गडवा सुटला तेव्हा आत, मडगार्डांच्या मध्ये, मोठं काळं भगदाड राहिलं आणि त्यातून मागची टपरी दिसू लागली. माझं एकमेव टिकलेलं काम. मला वाटलं होतं वाईट वाटेल. वाटलंही. पण त्या वाईट वाटण्याला एक चव होती, त्यागाची, आणि ती चव मी जिभेवर घोळवतोय हे कळल्यावर थुंकलो.

बुधरीनं गडवा पदरानं पुसला. पोच्यावर अंगठा फिरवला. मग तो उलटा करून बुडाकडं पाहू लागली. उन्हाकडं धरला. पुन्हा उलटा केला. लालसूला विचारलं आणि लालसूनं मला विचारलं.

"भोक कुठी गेलं?"

आमच्या घरातल्या कोणाच्याही हाताला भोक सहन होत नाही. आजोबा पाहुणे म्हणून कुठं गेले तरी त्या घरची गळकी भांडी बसल्याजागी झाळून द्यायचे. गडवा पोट म्हणून बसवण्याआधी मी बुडाचं भोक झाळलं होतं, पितळेनंच, कानस लावून, घासून, असं की बोटाला शिवण लागू नये. कोणाला दिसणार नव्हतं ते. आत होतं. तरी केलं. आणि आता मी काय म्हणालो? मी अभिमानानं म्हणालो, "बुजवलं. कळतसुद्धा नाही ना?"

लालसूनं ते तिला सांगितलं नाही. माझ्याकडं पाहिलं, पहिल्यांदाच नीट. "भाऊ," तो म्हणाला, "भांडं मेल्याशिवाय मेलेल्याले कसं भेटंल? भोक म्हंजे ते मेलं. तुमी तं जित्तं केलं त्याले." मग खांदे उडवले. "चला मंग आमच्यासंगं. गावात पाडू. इथी रोडावर नाई पाडता येत."

बसमध्ये ती खिडकीशी बसली, गडवा मांडीवर. गोंडपिपरीला बस थांबली तेव्हा लालसूला खाली पाठवून तिनं गडवा भरून आणवला आणि प्यायली. आष्टीला पुन्हा. आलापल्लीपर्यंत तीन वेळा. मला वाटलं विटाळ असेल, पाप असेल, काहीतरी असेल, आणि ती तर घटाघट पीत होती, हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. लालसू म्हणाला, "म्हने, जित्ता हाय तवर पिऊन घेतो. मामाच्या तोंडाचा हाय." तिनं मलाही दिला. मी वरून प्यायलो, ओठ न लावता. ती काहीतरी म्हणाली आणि लालसूनं त्याचं मराठी केलं नाही. खिडकीबाहेर सागाची पानं धुळीनं तांबडी झालेली. दर फाट्याशी मला वाटत होतं, आता उतरावं. पोत्याची गोष्ट झाकून मी चाललो होतो गडवा परत करणारा भला माणूस म्हणून. लालसू बसमध्ये ज्याला त्याला तसंच सांगत होता, "चंद्रपूरचा हाय. सोताचा पुतळा तोडून देल्ला यानं." लोक माझ्यासाठी सरकून बसत होते.

गावात या वेळी माणसं होती. मोहाखाली पंधरावीस जमली. मी दगडांकडं पाहिलं नाही, दगडांशी काय काय नाही तिकडं तर मुळीच नाही. बुधरीनं गडवा जमिनीवर उपडा ठेवला, लालसूनं टोच्या आणला, आणि मी मागं सरकलो तर तिनं माझा हात धरून पुढं ओढला. याचं भाषांतर लागलं नाही. तूच बुजवलंस, तूच पाड. टोच्या बुडावर ठेवला. माझी झाळ कुठं होती ते मलाही सापडेना, इतकी चांगली बसली होती. पहिला घाव घसरला. कोणीतरी हसलं. दुसऱ्या घावाला टोच्या आत गेला. आवाज फार लहान होता. बुधरीनं गडवा उचलला, भोकातून आभाळाकडं पाहिलं आणि मुखरूच्या दगडाशी ठेवताना त्याच्यावर खेकसली. "म्हने, घे. पे आता. अन् मले झोपू दे," लालसू म्हणाला. सगळे हसले, मोहाची दारू पानांच्या द्रोणांतून फिरली, मलाही मिळाली. मी पीत नाही. द्रोण हातात धरून उभा राहिलो आणि क्षणभर, खरंच क्षणभर, मला वाटलं की संपलं.

मग एक बाई पुढं आली. बुधरीहून तरुण, हातात गवत कापायची विळी, थेट कामावरून आलेली. सोमारी, लालसूनं सांगितलं. तिनं एका कमरेएवढ्या दगडाकडं बोट केलं. दगडाशी काही नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर आशा होती. ती मला इतकी स्पष्ट दिसली की मी द्रोण खाली ठेवला.

"म्हने, तिची पोरगी गेली, सतरा वर्साची," लालसू म्हणाला. "नाचाची घुंगरं होती इथी ठेवलेली. दोन माळा. म्हने, गडवा पोटात लावला तुमी, तं घुंगरं कोन्त्या माणसाले लावली? कोन्त्या चौकात हाय तो? म्हने, तोडून द्या नाई म्हनत मी. पाह्यले येतो फक्त."

मला सांगता आलं असतं. बल्लारपूरला, स्टेशनजवळ, एक नाचणारी मुलगी, टिनची. आठ दिवसांत मी ती उभी केली असती. घुंगरं मिळतात. एक-दोन मोडकी मिसळायची, चिंच लावायची, धूर द्यायचा. मला जमतं ते. सोमारी बस पकडून आली असती, समोर उकिडवी बसली असती, आणि घुंगरं हातात घेऊन तोलता आली नसती तिला, कारण मी ती उंचावर लावली असती. हे सगळं मनात तयार झालं, कोणत्या पत्र्याचे हात, कोणत्या डब्याचा घागरा, तेवढ्या वेळात. बुधरी दगडाशी बसून माझ्याकडं पाहत होती. चष्म्याशिवाय.

"विकली," मी लालसूला म्हणालो. "इथून मी पोतं भरून नेलं होतं. घुंगरं, वाट्या, कोयते. सगळं. मला कळत होतं. ते भट्टीत गेलं. वितळलं."

लालसूनं कानावरची बिडी काढली आणि तशीच हातात ठेवली. "हे मी नाई सांगत," तो म्हणाला. "मले इथी राहाचं हाय, भाऊ. तिच्याच बाजूले घर हाय माहं. तुमचं तुमी सांगा."

मला माडिया येत नाही. सोमारी वाट पाहत होती, विळी एका हातातून दुसऱ्या हातात घेत. मी तिच्यासमोर खाली बसलो. मनगट हलवून घुंगरांचा आवाज दाखवला. ती लगेच मान हलवू लागली, हो, हो, तीच. मग ती घुंगरं मी हवेतच पोत्यात टाकली, पोतं पाठीवर घेतलं, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मी. तिची मान हलायची थांबली. मग दोन्ही हातांची बोटं खालून वर थरथरवून जाळ केला. ओंजळीची कढई केली. कढईत मनगट हलवलं, एकदा, दोनदा, कमी, आणखी कमी, आणि मग थांबवलं. ओंजळ सैल केली, तळवे हळूहळू पसरत जमिनीला टेकवले.

सोमारीनं विळी बाजूला ठेवली. माझ्यासमोर बसली. तिनं जाळ केला. तिनं ओंजळ केली. मनगट हलवलं, मग हलवायचं थांबवलं, तळवे सावकाश पसरत नेऊन मातीला टेकवले, आणि बरोबर आहे का ते पाहायला माझ्याकडं पाहिलं.

मी मान हलवली.